एक जुलै

“तुमी माह्या काकाले यादीतून पुसलं, साहेब.”

मोना हजेरी ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. सहा दिवस झाले, काकाचा, पुंडलिकचा, पास लावला की कारखान्याच्या गेटवर लाल दिवा लागत होता. ठेकेदाराकडे अठरा वर्षं राबलेला मजूर. आठ दिवस हजेरी लागली नाही की नाव कटतं.

“मी पुसलं?” साहेब हसले. “प्रोग्राम कोणी लिहिला?”

मोनानंच. कैंप-१ या मजूर वस्तीतल्या खोलीत, मोबाइलवर बघून बघून शिकलेली. मजुरांच्या यादीत काही माणसं दोनदा पडली होती, ती काढायला साहेबांनी दोन दिवस दिले. नावांवर तिचा भरवसा नव्हता. एकच नाव बाबू लोक चार तऱ्हेनं लिहितात. म्हणून बापाचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच धरायचा. पहिला ठेवायचा, दुसरा काढायचा. तारीख तरी खोटं बोलत नाही, असं तिला वाटलं.

गोंदियाकडच्या गावात मास्तरनं दोघा भावांना एकाच दिवशी शाळेत बसवलं होतं. जन्म कोणाला ठाऊक? दोघांनाही एक जुलै ठोकला. सालही तेच. यादीत पुंडलिक दुसरा होता. पहिला केवलराम, मोनाचा बाप. यंदा होळीआधी वारला. त्याचा पास बंद करा असा अर्ज मोनानं याच टेबलावर दिला होता. कोणी उघडला नाही.

पुंडलिक बाहेर सायकलला टेकून बसला होता. सकाळी म्हणाला, “पोरी, तुह्या मशीनले म्हण, मले चिमटा काढून पाह्य. बोंबललो त जिता हाय.” सहाव्या दिवशी तिला हसू आलं नाही.

“चूक माही हाय,” मोना म्हणाली. “पाच मिनिटाचं काम हाय. यादी तेवढी खोला.”

“यादी ऊपर गई. अब कुछ नहीं होगा.” साहेब नागपूरचे. हुकूम हिंदीत द्यायचे, समजूत मराठीत घालायचे. आता मराठीवर आले. “हे बघ, केवलरामचा पास चालू आहे ना? बाप तोच, घर तेच, तारीख तीच. काकाला म्हण, तोच दाखव. उद्यापासून तो केवलराम. कोण विचारतं?”

मोनानं दारातून बाहेर काकाकडं पाहिलं.

“बरं. काका उद्यापासून केवलराम,” ती म्हणाली. “मंग घरी जाऊन मायले काय सांगू? कुंकू लाव म्हणू?”