खटकलेली एकच जागा

माझी कादंबरी सगळ्यात आधी नवराच वाचतो. पेशाने मुद्रितशोधक, चूक दिसली की त्याची पेन्सिल गप्प बसत नाही. या वेळी मी दृष्ट लागावी असा संसार लिहिला होता, आणि त्यातल्या नवऱ्याने गुपचूप थाटलेलं दुसरं घर. सगळं मनाने रचलेलं. एके संध्याकाळी तो घरी येतो, त्याच्या अंगाला परक्या साबणाचा वास येतो आणि बायकोला सगळं कळून चुकतं.

"झकास झालीये," बाड परत देत तो म्हणाला. "कुठून सुचतं गं तुला हे? एकच जागा खटकली. तिथे लिहिलंय, बघ."

मी ते पान काढलं. वासाच्या वाक्याशेजारी, समासात, त्याचं नेहमीचं नेटकं अक्षर होतं: 'पटत नाही. इतकी साधी चूक कोण करेल? दोन्ही घरी साबण एकच ठेवतात.'

 

आमच्याकडे किराणा मी भरते. साबण तेवढा नवरा स्वतः आणतो. अकरा वर्षांत त्याने मला तो एकदाही बदलू दिलेला नाही.