तांबडा सुतभर खाली

"तुम्ही भिंती बांधा, अप्पा. ह्याच्यातलं तुम्हाला काय कळतंय?"

"न्हाई कळत. पण तांबडा खाली गेलाय. एक सूत."

"बिलकुल न्हाई गेला."

"मंग माझे डोळे फुटले आसतील," कारभारी म्हणला आन् सिमेंटच्या पोत्यावर बसला.

त्याचा पोरगा परमेश्वर टेबलावर वाकला. बदनापुरात भरदुपारी बापलेकांनी पत्र्याच्या खोलीत अंधार करून ठेवल्ता. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला बारदान. आत भट्टी झाल्ती. टेबलावर लग्नात भिंतीवर नाव काढायची लाइट, जेवणाच्या डब्याएवढी पेटी, झाकण काढल्याली. तिच्यात तीन बारके लेझर, तांबडा, हिरवा, निळा. परत्येकापुढं शेंगदाण्याएवढी काच. काचांवरून तिन्ही उजेड वळायचे आन् एकात एक शिरायचे. बराबर शिरले की पांढरा. पांढरा जमला की मंग पाह्यजे तो रंग. बाजारातल्या मोठ्या लाइटीचा ठिपका जाडा, पट्टीसारखा, नवरदेवाचं नाव काढलं की फरकाटतं. परमेश्वरनं मुद्दाम सिंगल मोडवाले लेझर मागिवल्ते. ताकद कमी, पण ठिपका सुईनं टोचल्यावानी. नाव पेनानं लिहिल्यासारखं येतं.

नववीत शाळा सोडल्यापासून त्यानं एवढी एकच गोष्ट पुरी केल्ती. पाच वाजता ती शहागडला सर्जेराव डीजेवाल्याला दाखवायची व्हती. रेषा एका रंगात आली, तर ह्या लगनसराईपासून सर्जेरावच्या लाइटीवर परमेश्वर. न्हाई आली, तर सोमवारपासून अप्पासंग माल कालवायला. तसं सकाळीच ठरल्तं.

"कुठंय खाली? दाखवा."

कारभारी उठला. समोरच्या भिंतीवर पांढरा ठिपका व्हता. त्याच्या बुडाला त्यानं बोट टेकवलं. "हितं. तांबडी कड हाय. माझी भिंत पायाला एक सूत चुकली तर वर चार बोटं जाती. तुझा उजेड तर गल्लीच्या पल्याड जाणार."

परमेश्वर भिंतीपाशी गेला. सवयीनं डावा डोळा मिटला आन् पाह्यलं. पांढरा. नुस्ता पांढरा. म्हातारा बोट लावून दाखवतोय आन् तिथं काहीच न्हाई. त्याचं डोकं सटकलं. हातातली स्क्रू फिरवायची एलन की त्यानं टेबलावर आपटली.

"चार दिवस झाले जुळवून राह्यलो. रोज पांढरा येतो. तुम्हाला आजच कसा दिसला?"

"आजच बोलिवलं तू मला."

हे खरं व्हतं.

कारभारी आता भिंतीकडं पाहत नव्हता, पोराच्या तोंडाकडं पाहत व्हता. "परम्या, दुसरा डोळा मिट."

"कामून?"

"मिट म्हणतो तर."

त्यानं उजवा मिटला, डावा उघडला. ठिपक्याखाली तांबडी कड व्हती. चांगली ठसठशीत. डोळा बदलला. कड गेली. पुन्हा बदलला. आली. मंग त्यानं उजव्यानं अप्पाच्या बोटाकडं टक लावून पाह्यलं. बोट व्हतं, बोटाला नख न्हवतं. नखाच्या जागी भिंतीच्याच रंगाचं कायतरी व्हतं.

स्टेशनाकडून मालगाडी गेली. पत्रा थरथरला आन् थांबला. परमेश्वरला वाटलं, आपल्याला आता भेव वाटायला पाह्यजे. पण काहीच वाटलं न्हाई. दुसऱ्याच कुणाचा डोळा आसल्यावानी तो मिटत राह्यला, उघडत राह्यला.

"तिन्ही उजेड एका ओळीत हायेत का न्हाई, ते कसं पाह्यलं तू?" कारभारीनं इचारलं. आवाज बारीक झाल्ता.

"शेवटच्या काचेपाशी गाल टेकवला. डावा मिटला. उजव्यानं सरळ पाह्यलं."

"पेटल्याल्या उजेडात?"

"कमी करून. जरासाच व्हता. एक ठिपका राह्यल्ता डोळ्यात. मला वाटलं, सकाळी गेला."

"आसं कोन पाह्यतं रे?"

"तुम्ही पाह्यता, अप्पा. भिंत सरळ हाय का बघताना, दोरीला गाल लावून. मला तुम्हीच शिकिवलं."

कारभारीचं बोट अजून भिंतीवरच व्हतं. ते खाली घ्यायचं त्याच्या ध्यानात आलं न्हाई.

परमेश्वरनं एलन की उचलली. काचेकडं तोंडच नेलं न्हाई. लांबून, डाव्या डोळ्यानं भिंतीकडं बघत, तांबड्याचा स्क्रू जरासा फिरवला. कड वर सरकली आन् पांढऱ्यात गेली.

"आता?"

"आता बराबर हाय." कारभारीनं पेटीचं बटण स्वतःच बंद केलं. "चल जालन्याला. डोळ्याच्या डॉक्टरकडं. आत्ताच्या आत्ता."

परमेश्वर झाकण लावत राह्यला. चार स्क्रू. तिसरा हातातून पडला, तो त्यानं चाचपून काढला. पेटी टॉवेलात गुंडाळली. गोधडी वढली तसं ऊन आत आलं. त्या उन्हातही उजव्या डोळ्यापुढं तेवढी जागा न्हवतीच.

"येताना जाऊ डॉक्टरकडं. सर्जेराव पाचला वाट पाह्यतेत."

"परम्या."

गाडीची किल्ली तो अप्पाला कधीच देत नव्हता. अप्पा हळू चालवितेत म्हणून नेहमी मागं बसवायचा. ती त्यानं खिशातून काढली आन् त्यांच्या चुन्यानं फाटल्याल्या हातात ठिवली.

"तुम्ही चालवा. आधी शहागड, मंग डॉक्टर."