बिनमालकाचा वळ

आमच्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम त्या सीझनला एकही मॅच हरली नाही. मॅच संपली की कपडे बदलताना आम्ही एकमेकींचे वळ बघायचो आणि मालक शोधायचो.
"हे कोपर माझं गं, सॉरी."
"आणि ही नखं त्या पाच नंबरवाल्या भवानीची!"

फायनल जिंकल्यावर आमच्यातल्या सगळ्यात उंच मुलीने जर्सी काढली आणि हसणं थांबलं. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा चौकोन उमटला होता. ताजा.
"हा कुणाचा?"
"पडले."
"बकलावर?" कॅप्टनने विचारलं.
ती खाली बघून म्हणाली, "बाबा म्हणालेत, फायनल खेळलीस तर परत या घरात पाऊल ठेवायचं नाही."
"ठेवू की. सगळ्याच ठेवू."

दार बाबांनीच उघडलं. आम्ही तिथे नाहीच अशा थाटात त्यांनी तिचे केस धरले, तिला आत ओढलं आणि पट्टा उगारला. पुढचं फार पटकन झालं. जिंकलेला कप चांगलाच जड होता.

शेजारी धावत आले. बाबा फरशीवर आडवे होते, कपाळ फुटलेलं, दोन दात बाजूला पडलेले.
"कुणी मारलं यांना?"
फाऊल केला की हात वर करायचा, ही मैदानावरची शिस्त. आम्ही सगळ्यांनी हात वर केले.

स्वयंपाकघराच्या दारातून आणखी एक हात वर झाला. प्लास्टरमधला. तिच्या आईचा.