मागाहून वाढवलेला रकाना

९ मार्च, दुपारचे सव्वाचार. खलनायकांच्या टोळ्या दोन, मोकळा रिमोट एकच. जग बेचिराख झालेल्या गेममध्ये दोन आजोबांपैकी ज्यांनी निवडलेली टोळी कमी दुष्ट ठरेल, त्यांना नात जोडीदार करणार होती. कारखान्यातून निवृत्त झालेल्या आबांची टोळी निम्म्या वस्तीचे पाणी तोडून उरलेल्यांना जगवणार. व्याह्यांची टोळी सर्वांना जगवणार, पण आठवणी पुसून. व्याही आल्यापासून नात त्यांनाच चिकटली होती. आबांचा नुसता जळफळाट. त्यांनी आलेखवहीत दुष्टपणाचे गुण मांडले: हत्या, फसवणूक, लोभ. बेरीज सात-सात. आबांनी हळूच स्मृतिनाशाचा रकाना वाढवला. “आबा, हा मघाशी नव्हता हं!” नात म्हणाली. “असू दे गं, त्यांचाच कारखाना, त्यांचीच फूटपट्टी,” व्याही हसले. आबांनी रकाना खोडला, स्वतःच्या फसवणुकीत एक गुण वाढवला आणि रिमोट व्याह्यांपुढे सरकवला. दुष्टपणा: व्याही सात, आबा आठ.