नेडच्या पॅटचा अँथनी

“ऊना, मी मेलो म्हणे आज सकाळी,” फोनवरचा आवाज म्हणाला. “आणि मलाच कुणी सांगितलं नाही.”

ऊना लव्हेलने चहाचा कप हळूच खाली ठेवला. चर्चच्या तळघरातल्या रेडिओच्या त्या खोलीत फिडलवरची एक लांबलचक रील, नाचाची धून, वाजत होती आणि माइक बंद होता, हे एक नशीबच. दोन तासांपूर्वी याच खुर्चीत बसून तिने क्लीव्हलंडमध्ये येऊन राहिलेल्या, आयर्लंडमधल्या अकिल बेटाच्या झाडून साऱ्या माणसांना सांगितलं होतं, की नेडच्या पॅटचा अँथनी किलबेन गेला. आणि आता नेडच्या पॅटचा अँथनी किलबेनच फोनवर होता.

“अरे देवा! अँथनी, तू?”

“मीच. भुताला नंबर फिरवता येतो का, बाई?”

या बेटाच्या माणसांत नुसत्या नावाला काडीची किंमत नाही. निम्मे पुरुष अँथनी, निम्मं बेट किलबेन. बापाचं नाव लावल्याशिवाय माणूस ओळखूच येत नाही, आणि हे ऊनापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? तीस वर्षं दर शनिवारी ती घरची गाणी लावते आणि गाण्यांच्या मधे कोण गेलं ते सांगते. पहाटे फोनच्या मशीनवर निरोप होता, ‘अँथनी किलबेन गेले.’ एवढाच. बापाचं नाव तिने आपल्या मनाने जोडून टाकलं. महिन्यातला हा चौथा मृत्यू. गुडघे ठणकत होते, झोप झालेली नव्हती, उलट फोन करून विचारायचा कंटाळा केला. झालं.

“लोहाराच्या जॉनचा अँथनी असणार तो,” ती म्हणाली. “चुकलंच माझं. आत्ता दुरुस्त करते.”

“ते कळलं गं. पण एवढ्या सगळ्या अँथनींमधून तुला माझंच नाव बरं सुचलं!”

पूर्वी दर शनिवारी तो फोन करायचा, एक गाणं मागायचा आणि दोन टोमणे मारायचा. ईस्टरनंतर फोन आला नाही, तशी तिने त्याला मनातल्या मनात पोचवून टाकलं होतं. साधी चौकशी केली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

“तू फोन करायचा थांबलास,” ती कशीबशी म्हणाली.

“गाणं कुणाच्या तरी नावाने मागायचं असतं ना? माझ्याकडची नावं संपली.”

त्याच्या मागे बशा वाजत होत्या. कुणीतरी खो खो हसत होतं.

“घरी कोण आलंय तुझ्या?”

“कोण नाही आलं ते विचार! पहिली आली सॅली गिंटी, मयताच्या घरी न्यायचं म्हणून हॅमच्या सँडविचचं ताट घेऊन. दार मीच उघडलं. अशी किंचाळली, की शेजारचं कुत्रं पळालं. मग म्हणते, आता आणलंच आहे तर चहा टाक. तिच्यामागून आले ते कॅफर्की भाऊ, मयतापाशी वाजवायला अकॉर्डियन घेऊन. एकजण परत जाईल तर शपथ. माझ्याबद्दल असलं गोड गोड बोलतायत ऊना, की हा कोण भला माणूस, असं मलाच वाटायला लागलंय.”

दुसऱ्या फोनचा दिवा लुकलुकायला लागला. ऊनाने अँथनीला थांबवून तो घेतला. लोहाराच्या जॉनच्या अँथनीची मुलगी होती, नोरीन.

“मावशी, हे काय केलंत तुम्ही? सकाळपासून एक माणूस फिरकलेला नाही. दोन वाजता जपमाळेची प्रार्थना आहे. माझ्या बाबांना पोचवायला मी आणि पाद्री, एवढेच का?”

“सांगते, बाळा. आत्ता सांगते,” ऊना म्हणाली. तिने पुन्हा अँथनीचा फोन कानाला लावला. “नोरीन होती. तिच्याकडे कुणीच गेलेलं नाही.”



“थोडं थांबशील?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “काहीजण अजून रस्त्यात आहेत. ही रील संपली की अजून एक लाव. फक्त एक.”

“अँथनी…”

“नको, सांग. सांगून टाक. जॉनचा अँथनी लाखातला माणूस होता. ही मंडळी उठतील आणि तिकडे जातील, जायलाच पाहिजे.” तो दमून थांबला. “फक्त एक कर. मी ठणठणीत आहे, असं सांगू नकोस.”

फोन ठेवला गेला. रीलचे शेवटचे सूर चालले होते. ऊनाला सगळं बंद करून घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं. तिने माइक सुरू केला.

“मंडळी, सकाळी माझ्याकडून मोठी चूक झाली. लोहाराच्या जॉनचा अँथनी किलबेन आपल्याला सोडून गेला. जपमाळ दुपारी दोन वाजता, नोरीनच्या घरी. सगळ्यांनी जा. माझ्या चुकीमुळे त्या पोरीला आणखी एकटं पाडू नका.” तिने घसा साफ केला. पुढचं ती त्याच संथ, सपाट आवाजात बोलली, ज्या आवाजात ती तीस वर्षं गेलेल्यांची नावं वाचत आली होती. “नेडच्या पॅटचा अँथनी किलबेन हयात आहे. तो राहत्या घरी आहे. भेटण्याची वेळ, संध्याकाळी पाच ते आठ. फुलं आणू नयेत.”

तिने पुढचं गाणं लावायला हात नेला आणि परत माइककडे वळली.

“ही वेळ रोजची.”