भागधारकाचा प्रश्न

कंपनीची वार्षिक सभा ऑनलाइन होती आणि सहादूअण्णा देवरे सकाळपासून इस्त्रीचा शर्ट, वर जाकीट घालून लॅपटॉपसमोर बसले होते. खाली पायजमाच होता, पण तो कोणाला दिसणार होता म्हणा.

अण्णा वीज मंडळातून रिटायर झालेले. त्यांचं गणित साधं होतं, माणूस सोनं घेईल न घेईल, लाईट त्याला लागणारच. म्हणून वीज बनवणाऱ्या या एकाच कंपनीचे शेअर त्यांनी थोडे थोडे करून जमवले. भाव वाढत गेला आणि लाभांशही दरवर्षी न चुकता आला. तो आला की अण्णा आणि ललिताबाई गडावर देवीला जाऊन यायचे. मागच्या वर्षी बाई गेल्या. "पप्पा, भाव चांगलाय, विकून टाका आता," बंगळूरहून मुलगा जीवन सांगायचा. अण्णा हो हो म्हणायचे आणि विकायचे नाहीत.

यंदा कंपनीने लाभांश कमी केला होता. पैसा नव्या सौर प्रकल्पात घालायचाय म्हणे. त्यावरच अण्णांना प्रश्न विचारायचा होता. सभेत बोलायचं तर आधी नाव द्यावं लागतं. ते देऊन झालं, आणि दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत अख्ख्या पंचवटीला सांगूनही झालं. खरं सांगायचं तर लाभांशाचं एवढं काही नव्हतं. पेन्शन पुरून उरत होती. पण वर्षातून एकदा चार मोठी माणसं गप्प बसून आपलं ऐकतील, कोणीतरी आपल्याला 'बोला' म्हणेल, ह्याचीच त्यांना भारी ओढ लागली होती.

आधी कोलकात्याच्या एका गृहस्थांनी अध्यक्षांची तोंडभरून स्तुती केली. मग मुंबईच्या एका बाईंनी पूर्वी सभेत मिळणाऱ्या खाऊच्या पाकिटाची आठवण काढली. अण्णांना हसू आलं. आपला प्रश्न ह्यांच्यापेक्षा बरा आहे, असं त्यांना वाटून गेलं.

"आता नाशिकहून श्री. सहादू देवरे," सभा चालवणारी मुलगी म्हणाली. अण्णांचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. त्यांनी घसा खाकरला, अध्यक्ष महोदयांना नमस्कार केला आणि बोलत सुटले. चांगले रंगात आले होते.

"सर, यू आर ऑन म्यूट."

अण्णा थांबले. इकडे दाबलं, तिकडे दाबलं. चित्र गेलं, परत आलं.

"सर, तुमचा आवाज येत नाहीये." मुलगी आता मराठीवर आली होती. "खाली माईकचं चित्र आहे बघा." अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. माईक काही सापडेना. ती बिचारी मायेनं म्हणाली, "घरात कोणी असेल तर त्यांना जरा बोलावता का? ते लावून देतील."

अण्णांनी सवयीने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे वळले. बोट आपलं दिसेल तिथे दाबतच होतं.

"नाय हो ताई," ते म्हणाले, "घरात कोणीच नाय."

आणि नेमका तेव्हाच माईक लागला. वाक्य मुंबईपासून कोलकात्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"आला सर, आवाज आला. बोला."

हे वाक्य अण्णांनी आजवर कोणाजवळ काढलं नव्हतं. जीवनचा फोन आला की ते 'मजेत आहे' म्हणायचे. प्रश्न महिनाभर घोकून तोंडपाठ केलेला, पण आता त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ. डोळे भरून आले, आणि तेही सगळ्यांना दिसत होतं.

"एवढंच," ते म्हणाले.

"थँक यू, सर." माईक तिकडूनच बंद झाला.

शेवटी अध्यक्ष एकेकाचं नाव घेऊन उत्तरं देऊ लागले. त्यांना मराठीचा गंध नव्हता. हाताखालच्या माणसांनी पुढे सरकवलेल्या चिठ्ठ्या ते एकामागून एक वाचत होते. "मिस्टर सहादू देवरे, नाशिक."

अण्णा ताठ बसले.

"युअर पॉइंट इज नोटेड, सर. द बोर्ड विल कन्सिडर इट."

अण्णांनी पडद्याला हात जोडले.