उपडे ड्रम

नवरा सुप्याच्या कंपनीत कायम झाला, घरावर स्लॅब पडला, दारात नळ आला आणि त्याच वर्षी थोरल्या लेकीला, दिशाला डेंग्यू झाला. नळाला रोज पाणी असूनही सासूबाई अंगणातले सगळे ड्रम काठोकाठ भरून ठेवायच्या. टँकरच्या काळातली सवय, सांगून थकले मी.

मग आरोग्य केंद्राकडून घरोघरी पाणी तपासत आशाताई आल्या. त्यांनी ड्रममध्ये मोबाईलचा उजेड पाडून वळवळणाऱ्या अळ्या सासूबाईंना दाखवल्या. "आजी, याचेच डास होतात. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतायचं, भांडी कोरडी करायची."

दिशाला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा अंगणात सगळे ड्रम उपडे घातलेले होते. आशाताईंनी कौतुकाने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

महिनाभरात धाकटा ओंकार तापाने फणफणला. पुन्हा रक्त तपासा, पुन्हा सलाईन. तो आजीजवळ झोपतो, म्हणून दवाखान्यात न्यायची त्याची चादर आणायला मी त्यांच्या खोलीत गेले. खाटेवरून जमिनीपर्यंत सोडलेली गोधडी बाजूला सारली, तर खाली हंडे, कळशा, बादल्या, लग्नातलं मोठं पातेलंसुद्धा, सगळं तुडुंब भरलेलं. आणि पाण्यात अळ्या.

मागे वळले, तर सासूबाई दारात उभ्या होत्या.



"येकयेक आळी निवडून काडते मी. पर पानी वतायला लावू नको गं."